दुपारी दोनची पुडी: सवय ओळखायची कशी आणि तिच्या जागी दुसरी बसवायची कशी

दुपारचे दोन वाजायला दहा मिनिटं कमी. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात जेवणाची सुट्टी संपत आलेली असते. डबा धुऊन झाला, हात अजून ओले आहेत, आणि पाय गेटबाहेरच्या पानठेल्याकडे वळलेले असतात. ठेल्यावर बोलावंही लागत नाही. ठेलेवाला पन्नीवर कातरलेली सुपारी टाकतो, वर तंबाखू, वर बोटभर ओला चुना, आणि पन्नीची घडी घालून तळहाताखाली जोरात घोटतो. सुपारीचा कोरडा रंग जाऊन ओलसर तपकिरी येतो, पन्नीला रबर बसतं, खर्ऱ्याची पुडी खिशात जाते. पहिली चिमूट गालात जाते तोवर माणूस परत गेटपाशी आलेला असतो. या पाच-सात मिनिटांत "मला आत्ता खर्रा पाहिजे का?" हा प्रश्न एकदाही मनात आलेला नसतो.

सवय ओळखायची खूण हीच. कामाची सुरुवात आपण ठरवून केली नाही, जागेने आणि वेळेने करवून घेतली, की ती सवय. ती वाईट आहे की चांगली हा पुढचा प्रश्न. दात घासणंही असंच होतं, घराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकणंही असंच होतं. मेंदूच्या हिशेबात दोन्हींत फरक नाही, आणि बहुतेक संकल्प फसतात ते इथेच. "मी वाईट आहे, माझं मन कमजोर आहे" असं धरून माणूस मनाशी झगडत बसतो, आणि सवय सुरू करून देणारी खूण, तिचा खटका, मात्र डबा धुण्याच्या नळापाशी तसाच पडून असतो.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आपल्याकडे म्हणतात. त्यातलं अर्धं खरं आहे. जुनी वाट मेंदूतून पुसली जात नाही, हे प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. पण त्याच वळणावर दुसरी वाट पाडता येते, आणि रोज वापरली की पाय आपोआप तिकडेच वळू लागतात. हा सगळा लेख त्या वळणाबद्दल आहे.

मेंदूत काय होतं

मानेवाड्याहून सीताबर्डीला रोज गाडीने जाणाऱ्याचं उदाहरण घ्या. पहिल्या महिन्यात प्रत्येक चौक, प्रत्येक गतिरोधक लक्षात असतो. वर्षभराने तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावतो तेव्हा वाटेत कुठला सिग्नल लाल होता हेही आठवत नाही. एकच काम त्याच परिस्थितीत वारंवार झालं की मेंदू ते विचार करणाऱ्या पुढच्या भागाकडून काढून खोलवरच्या बेसल गँग्लिया नावाच्या भागाकडे सोपवतो. अमेरिकेत एमआयटीमध्ये ॲन ग्रेबिएल यांनी चक्रव्यूहात धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूतले संकेत मोजले. धाव नवीन असताना या भागात सुरुवातीपासून शेवटपर्यंत हालचाल दिसे. धाव अंगवळणी पडल्यावर ती सुरुवातीला आणि शेवटी उसळे, आणि मधला भाग शांत होई. सगळं काम एक गाठोडं बनून गेलेलं असे.

याचा रोजच्या जगण्यातला अर्थ फार कामाचा आहे. गाठोडं एकदा सुरू झालं की ते शेवटपर्यंत जातं. ठेल्यासमोर उभं राहून "नको" म्हणणं म्हणून कठीण. खिशातली पुडी हातात घेऊन थांबणं तर त्याहून कठीण. थांबायची सोपी जागा गाठोडं सुरू होण्याआधी असते, म्हणजे नळापाशी.

दुसरी गोष्ट तलफेची. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळांचा रस देऊन मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या पेशी तपासल्या. सुरुवातीला रस मिळाला की त्या पेशी उसळत. रसाआधी दिवा लागतो हे माकड शिकल्यावर पेशी दिवा लागताच उसळू लागल्या, आणि रस मिळाल्यावर शांतच राहिल्या. दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर नेहमीच्या पातळीच्याही खाली गेल्या. ठेला दिसताच तोंडाला पाणी सुटतं आणि प्रत्यक्ष पुडीत पहिल्यासारखी मजा वाटत नाही, याचं कारण असं आहे. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सवय जुनी होते तसं हवंसं वाटणं वाढतं, आवडणं मागे राहतं.

हे किती टोकाला जातं ते अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सिनेमा पाहायला आलेल्यांना काहींना ताजे, काहींना आठवडाभर जुने, मऊ पडलेले पॉपकॉर्न दिले. ज्यांना सिनेमात पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी शिळेही ताज्यांइतकेच खाल्ले. शिळे आवडले नाहीत हे त्यांनी स्वतः सांगितलं, तरी खाल्ले. तशाच सवयीच्या लोकांना साध्या बैठकीच्या खोलीत बसवलं, तेव्हा शिळ्यांचं खाणं कमी झालं. थिएटरातच, पण नेहमीचा हात सोडून दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तेव्हाही कमी झालं. चव बदलून फरक पडला नाही. जागा आणि हात बदलल्यावर पडला.

एक आठवडा फक्त वही

पहिले सात दिवस काहीही सोडायचं नाही. हे लोकांना पटत नाही, पण ही पायरी गाळली की पुढचं सगळं अंदाजाने करावं लागतं. खिशात मावेल अशी छोटी वही आणि पेन घ्या, आणि पुडी त्या वहीला रबराने बांधा. पुडी उघडायची तर वही हातात आलीच पाहिजे. लिहायचं ते पुडी उघडण्याआधी. रात्री बसून आठवून लिहिलं तर निम्म्या वेळा सुटून जातात, कारण ज्या गोष्टीकडे लक्षच नव्हतं ती आठवणार कशी?

सहा गोष्टी लिहा: वेळ, जागा, सोबत कोण, आधीच्या पाच मिनिटांत काय झालं, मनाची अवस्था एका शब्दात, आणि तलफ शून्य ते दहापैकी किती. एखाद्या पानावर असं दिसेल:

सकाळी ६.४०, अंगण, एकटा, नुकताच उठलो, जड, ८.
११.२०, ठेला, दोघं मित्र, चहा झाला, मजेत, ३.
१.५५, गेट, एकटा, डबा धुतला, कंटाळा, ७.
५.४०, पार्किंग, चौघं, सुट्टी झाली, मोकळं, २.
रात्री ९.३०, घर, टीव्हीसमोर, जेवण झालं, थकवा, ५.

हे पान नीट वाचा. पाच पुड्या म्हणजे एक सवय नाही, निदान तीन आहेत. ११.२० आणि ५.४० ला तलफ जेमतेम आहे, तिथे माणूस खर्रा खात नाही, संगत खातो. या दोन्ही पुड्या आठवडाभरात सुटू शकतात. १.५५ ची आणि रात्रीची जेवणाला चिकटलेली आहे. सकाळी ६.४० ची सगळ्यांत वेगळी. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल, तर ती सवयीपलीकडची गोष्ट आहे. रात्रभरात रक्तातलं निकोटिन उतरलेलं असतं आणि शरीर ते मागत असतं. तिच्यासाठी वेगळी तयारी लागते, ती पुढे येईल.

नुसती वही ठेवल्यानेही दिवसाच्या एक-दोन पुड्या कमी होऊ शकतात. वहीत जादू नाही. न विचारता होणाऱ्या कामात एक प्रश्न घातला गेला, एवढंच झालं.

शेवटच्या पानावर पैशांचा गुणाकार करा, पण आपल्या भावाने. समजा पुडी २० रुपयांची आणि दिवसाला पाच, तर महिन्याचे ३,००० होतात. हा आकडा धाक म्हणून लिहायचा नाही. पुढे त्याचं काम आहे.

ती नेमकं देते काय

वाईट सवय टिकते, कारण ती काहीतरी देते. ते मान्य केल्याशिवाय तिच्या जागी काय ठेवायचं हे कळत नाही. जेवणानंतरची पुडी तोंडाची चव बदलते, हातांना दोन मिनिटांचं काम देते, मशीनपासून दहा मिनिटं दूर नेते आणि निकोटिन देते. चारही गोष्टी एकाच पुडीत बांधलेल्या असतात. आपल्याला कुठली लागते हे तपासायला चार दिवस पुरतात. पहिल्या दिवशी डबा धुतल्यावर गेटकडे न जाता चिमूटभर बडीशेप खा. दुसऱ्या दिवशी काही न खाता मागच्या शेडपर्यंत चालून या. तिसऱ्या दिवशी मित्राशी दहा मिनिटं बोला, पण ठेल्यापासून दूर. चौथ्या दिवशी मूठभर शेंगा घेऊन फोडत बसा. दर वेळी पंधरा मिनिटांनी तलफेचा आकडा लिहा. ज्या दिवशी तो सगळ्यांत खाली आला, त्या दिवशी जे केलं तेच तुम्हाला हवं होतं. बहुतेकांचं उत्तर "थोडं तोंडाला, थोडं पायांना" असं मिश्र येतं.

मग पर्याय ठरवायचा. तो त्याच वेळी, त्याच ठिकाणी हाताशी पाहिजे. सुरू करायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागता कामा नयेत. आणि लगेच काहीतरी दिलं पाहिजे, सहा महिन्यांनी मिळणारी तब्येत दुपारी दोनला कामाची नाही. खर्ऱ्याऐवजी "रोज योगासनं करीन" हा पर्याय म्हणूनच पडतो. योगासनं चांगलीच आहेत, पण गेटबाहेर उभं असताना ती खिशातून काढता येत नाहीत.

खिशातून काढता येईल असं आपल्याकडे घरोघरी होतं ते जवसाचं मुखवास. अर्धी वाटी जवस, अर्धी वाटी बडीशेप, पाव वाटी तीळ, एक चमचा ओवा, अर्धा चमचा मीठ. लिंबाचा रस आणि मीठ चोळून अर्धा तास ठेवा. मग मंद आचेवर एकेक वेगळं भाजा. जवस तडतडून कुरकुरीत झालं की काढा, जास्त भाजलं तर कडू लागतं. पूर्ण गार झाल्यावरच डबीत भरा, नाहीतर वाफेने मऊ पडतं, आणि इथे कुरकुरीतपणाच महत्त्वाचा आहे, कारण दाढांना सुपारीची सवय झालेली असते. डबी ठेवायची तीही ज्या खिशात पुडी असायची त्याच खिशात. हात सवयीने जाईल तिथे त्याला डबी सापडली पाहिजे.

एक मोठी फसगत इथे टाळा. तंबाखू सोडली म्हणून लोक गोड सुपारीवर येतात. सुपारी स्वतःच घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. तोंड हळूहळू उघडेनासं होतं तेही मुख्यतः सुपारीमुळे. आवळा सुपारी म्हणून मिळते ती नुसती वाळवलेल्या आवळ्याची असेल तर चालेल, पण पाकिटावरचे घटक वाचून घ्या.

आता हे सगळं एका वाक्यात बांधा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की "मी अमुक करीन" या नुसत्या इराद्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं बांधलेलं वाक्य कितीतरी जास्त वेळा पार पडतं. "आजपासून खर्रा बंद" हे वाक्य नळापाशी काय करायचं ते सांगत नाही. "डबा धुऊन झाला की मी डबीतली चिमूट तोंडात टाकीन आणि मागच्या शेडला एक चक्कर मारून येईन" हे सांगतं. असं वाक्य वहीतल्या प्रत्येक वेळेसाठी वेगळं लिहा आणि पहिल्या दिवशी ती कृती एकदा खोटी-खोटी करून पाहा: डबा धुवा, डबी काढा, चाला. पायांना वाट माहीत असली पाहिजे.

अडथळे

मनोबलावर जितकं कमी ओझं टाकाल तितकं बरं. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामागेही हाच विचार आहे: जवळ नसलेली वस्तू कमी घेतली जाते. आपल्यापुरतं हे असं करता येतं. ठेल्यावर उधारीचं खातं असेल तर आधी ते चुकतं करा आणि बंद करायला सांगा. खातं चालू असलं की पुडी फुकट वाटते, आणि महिन्याच्या शेवटी पैसे द्यायला तरी तिथे जावंच लागतं. संध्याकाळची पुडी पार्किंगमधल्या घोळक्यात होत असेल तर दोन आठवडे गाडी दुसऱ्या टोकाला लावा. डिक्कीत, टूलबॉक्समध्ये, देव्हाऱ्यामागे ठेवलेल्या जुन्या पुड्या ठरलेल्या दिवसाच्या आदल्या रात्री फेकून द्या. "असू दे एखादी" म्हणून ठेवलेली पुडी तिसऱ्या दिवशी रात्री हमखास सापडते.

मित्रांचं काय? "घे ना बे, एकानं काय होते?" हे ऐकावं लागणारच. उत्तर छोटं ठेवा: "नाही राजा, बंद केलं." आणि डबी पुढे करा. कारणं सांगितली की वाद सुरू होतो, वाद सुरू झाला की पाय रेंगाळतात. दोघा-तिघांपैकी एकाला आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवा, "मला पंधरा दिवस विचारू नको." एक जरी आपल्या बाजूला असला तरी घोळका बदलतो.

आणि ते ३,००० रुपये. रोजचे १०० वेगळ्या डब्यात टाकत चला, नोटा दिसल्या पाहिजेत. महिन्याने त्यातून घरात काहीतरी आणा. शरीराला होणारा फायदा दिसत नाही, नोटा दिसतात.

निकोटिनची वेगळी तयारी

सकाळच्या पुडीची तलफ दहापैकी आठ असेल तर पर्याय एकटा पुरणार नाही. सोडल्यावर चिडचिड, डोकं दुखणं, झोप न लागणं, लक्ष न लागणं, भूक वाढणं, बद्धकोष्ठ हे सगळं होऊ शकतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट, आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक उतरतं. हे माहीत नसल्याने तिसऱ्या दिवशी माणूस म्हणतो, "मला हे मानवत नाही," आणि परत सुरू करतो. म्हणून तारीख निवडताना पुढचे तीन दिवस पाहा. घरी लग्न, महिनाअखेर, रात्रपाळी नको.

एकेक तलफ काही मिनिटं टिकते, चढते आणि उतरते. घड्याळात दहा मिनिटं लावून एक पेला पाणी घोट-घोट प्या, दहा लांब श्वास घ्या, जागा सोडा. उतरली की वहीत वेळ लिहा. आठवड्याने पाहिलंत तर तलफांमधलं अंतर वाढलेलं दिसेल.

निकोटिनचा च्युइंगगम दोन आणि चार मिलिग्रॅममध्ये येतो. तो नेहमीच्या गमसारखा चघळत राहिल्याने मळमळ, उचकी, छातीत जळजळ होते, आणि लोक "सूट होत नाही" म्हणून टाकून देतात. सावकाश चावायचा, जिभेला झणझणलं की थांबून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा, चव गेली की पुन्हा थोडं चावायचं. असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, लिंबूपाणी नको, कारण आंबटपणाने निकोटिन नीट शोषलं जात नाही. किती ताकदीचा आणि किती दिवस हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गरोदरपण किंवा हृदयविकार असेल तर त्यांना विचारल्याशिवाय घेऊच नका. तोंड कमी उघडत असेल तर गमपेक्षा त्वचेवर लावायची पट्टी बरी.

तोंड उघडतं किती ते आजच आरशासमोर पाहा. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का? दोनच जात असतील, तिखट भाजी झोंबत असेल, गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठ लागत असेल, कुठे पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, तर दंतवैद्याकडे जा. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरात आहे. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६ ही आहे, तंबाखूच्या पाकिटावरही छापलेली असते.

दारूबद्दल इथेच सांगायला हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात, घरच्या घरी बंद करू नये. हात थरथरणं, घाम, आकडी, भ्रम हे पहिल्या दोन-तीन दिवसांत येऊ शकतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. नागपुरात मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा प्रादेशिक मनोरुग्णालय इथे दाखवून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करायची. मन सैरभैर होत असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मराठीतही बोलता येतं.

रात्रीचा फोन, कुरतडलेली नखं

फोनला तंबाखूची उपमा देतात, पण त्याची यंत्रणा थोडी वेगळी आहे. पुढच्या व्हिडिओत मजा असेल की नाही हे माहीत नसतं. बक्षीस कधी मिळतं, कधी नाही, अशा वेळी प्राणी सगळ्यांत चिवटपणे तेच काम करत राहतात, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर दाखवलं होतं. म्हणून "पाचच मिनिटं" हा करार फोनशी होत नाही. खूण इथे उशी आहे. चार्जर बैठकीच्या खोलीत लावा आणि गजराचं साधं घड्याळ घ्या. फोनच गजर असेल तर तो उशाशी येणारच. दिवसातला एवढाच वेळ माझा असतो, ही त्यामागची भूक खरी आहे, म्हणून तिला काहीतरी द्या. कूलरच्या वाऱ्यात उशाशी एखादा दिवाळी अंक, कमी आवाजात रेडिओ. पहिल्या चार रात्री झोप उशिरा येईल.

नखं खाणं, केस ओढणं यांवर नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरतात. हात तोंडाकडे निघाल्याचं लक्षात आलं की मूठ घट्ट वळून, हात खाली ठेवून एक ते तीन मिनिटं तसंच राहायचं. मुठीत नख तोंडात घालता येत नाही, एवढं साधं. मुलांच्या बाबतीत हे आईवडिलांनी ओरडून करवायचं नाही. "मूठ" एवढा एक शब्द हळू म्हणा, आणि मुलाने स्वतःहून मूठ वळली तर ती पाहिल्याचं सांगा.

किती दिवस

एकवीस दिवसांत सवय लागते, असं सगळीकडे सांगतात. याचं मूळ एका अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० च्या निरीक्षणात आहे. बदललेल्या चेहऱ्याची ओळख व्हायला रुग्णांना निदान तीन आठवडे लागतात, असं ते होतं. सवयीशी त्याचा संबंध पुढे जोडला गेला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांना १२ आठवडे रोज एक छोटी नवी गोष्ट करायला सांगून मोजणी केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कृती आपोआप होऊ लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि पसारा १८ पासून २५४ पर्यंत. पाणी पिण्यासारखं सोपं काम लवकर बसलं, व्यायाम उशिरा. एखादा दिवस चुकला तर पुढच्या प्रगतीत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही, हीही त्यातली मोठी गोष्ट. हा अभ्यास नवी सवय लावण्याचा होता. जुनी बाजूला सारून तिथे नवी लावायची असेल तर घाई आणखी कमी करा.

नागपुरात एक अडचण ऋतूची येते. फेब्रुवारीत अंबाझरी तलावावर सकाळी सातला सुरू केलेलं फिरणं एप्रिलच्या शेवटी मोडतं, कारण सातलाच ऊन चटके देतं आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. वेळ बदलली की खूणही जाते, आणि पावसाळ्यात परत सुरू करणं राहून जातं. यासाठी खूण घड्याळाला बांधू नका, दुसऱ्या कामाला बांधा. "सातला" ऐवजी "दात घासले की बूट". उन्हाळ्यात तेच बूट घालून साडेपाचला, किंवा घराच्या जिन्यावरून दहा वेळा वर-खाली. पल्ला कमी झाला तरी चालेल, दात आणि बूट यांची जोडी तुटता कामा नये.

आता जुन्या वाटेबद्दल. चार-पाच महिने एकही पुडी नाही, आणि मग चुलतभावाच्या लग्नात, मांडवामागे, मित्रांच्या घोळक्यात एक होते. जुनी जागा, जुनी माणसं, जेवणानंतरची वेळ: सगळ्या खुणा एकदम आल्या की झोपलेली वाट जागी होते. ती एक पुडी फार नुकसान करत नाही. नुकसान करतो तो त्यानंतरचा "झालं, मोडलंच आता" हा विचार. ॲलन मार्लाट यांनी व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांच्या घसरणीवर केलेल्या कामात या विचारालाही मोठा दोष दिला आहे. त्यामुळे लग्नाला निघतानाच डबी कुर्त्याच्या खिशात टाका आणि जेवणानंतर कुठे जायचं ते ठरवून ठेवा: मुलांना घेऊन आइस्क्रीमच्या टेबलाकडे, किंवा आजीजवळ जाऊन बसणं. तरीही झालीच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी वही काढा आणि तीन दिवस त्याच सहा गोष्टी पुन्हा लिहा. पहिली ओळ मांडवामागच्या पुडीची: वेळ, जागा, सोबत कोण, आधी काय झालं, मनाची अवस्था, तलफ किती.